मरोळच्या शिबिरात शिकलेलं भाषण

मला लिहिता येत होतं. बोलता येत नव्हतं. ही गोष्ट आमच्या टेकडीवर सगळ्यांना ठाऊक होती, पण नळ समितीच्या अध्यक्षांना ती मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, जो माणूस एवढी जहाल पत्रकं लिहितो त्याला दोन वाक्यं उभ्यानं बोलायला काय धाड भरली आहे?

घाटकोपरच्या टेकडीवर आमची वस्ती. तळाला रस्ता, मग दगडी पायऱ्या, मग एकावर एक चढत गेलेल्या खोल्यांच्या रांगा. सगळ्यात वरच्या रांगेशी पालिकेचा एक नळ. पहाटे साडेतीनला त्याला पाणी येई, पाच वाजेपर्यंत धो धो चाले, मग दिवसभर खडखडाट. दिवसाही पाणी मिळावं म्हणून समिती स्थापन झाली. मी त्या वेळी बावीस वर्षांचा, एका कचेरीत उतारे काढणारा कारकून. समितीची पत्रकं मी स्टेन्सिलवर लिहायचो आणि एका ओळखीच्या प्रेसमधल्या सायक्लोस्टाईलवर काढायचो. हातावरची शाई दोन दिवस जायची नाही आणि ती जाऊ नये असंच मला वाटायचं.

मग पालिकेची नोटीस आली. तांत्रिक कारणास्तव नळ खाली रस्त्यावर हलवण्यात येत आहे, हरकती असल्यास कळवाव्यात. कसली तांत्रिक कारणं ते लिहिलेलं नव्हतं. खाली रस्त्याच्या पलीकडे नवीन सोसायटी उठत होती. आम्ही ठरवून टाकलं की नळ त्यांच्यासाठी चाललाय. मी ‘टेकडीवरचा दरोडा’ या मथळ्याचं पत्रक काढलं. लोकांनी ते दारांवर चिकटवलं.

या नळावर सगळ्यात जास्त कुणाचं काही अडून होतं तर ते मावशीचं. मावशी म्हणजे वरच्या रांगेत खाणावळ चालवणारी मालवणकडची बाई. नवरा गिरणीत होता तो वारला, तेव्हापासून ती एकटी. बारा एकट्या माणसांना ती दोन वेळा जेवू घालायची, त्यातला मी एक. बारा माणसांचा भात, आमटी, भांडी, सगळं पाणी ती पहाटे भरून ठेवायची. पायऱ्या चढताना तिचा डावा पाय ओढला जायचा. नळ दारात होता म्हणून खाणावळ होती. नळ खाली गेला तर खाणावळ गेली, हे तिला सांगायला कुठलं पत्रक लागत नव्हतं.

नोटिशीविरुद्ध सभा लावली. बाकड्यावर अध्यक्ष, समोर दीडशे माणसं, भाड्यानं आणलेला कर्णा. अध्यक्षांनी माझ्या पत्रकाची तारीफ केली आणि मला न विचारता माझा दंड धरून मला वर ओढलं. मी मथळा वाचला. ‘टेकडीवरचा दरोडा.’ त्यानंतर काही नाही. हातातल्या कागदाची फडफड कर्ण्यातून सगळ्या टेकडीला ऐकू जात होती. मी लोकांचे पाय बघत उभा राहिलो.

मागून एकजण म्हणाला, “रेडिओचं स्टेशन लागंना वाटतं.”

“कान पिळ त्याचा, लागंल,” दुसरा म्हणाला.

हशा झाला. मी खाली उतरलो. त्या दिवशी जेवायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मावशीनं ताट वाढताना नुसतं विचारलं, “लिवतस तेवढा बरा, बोलताना दातखीळ कित्याक बसता रे झिला?” मी आमटीत भात कालवत राहिलो. ती म्हणाली, “सायेब येतलो तेव्हा कोण बोलतला मग?”

पालिकेचे इंजिनियर जागेवर पाहणीला येणार होते. त्यांच्यासमोर बोलायचं कुणी? अध्यक्षांचा घसा धरलेला असायचा आणि त्यांचं भाषण खऱ्या मुद्द्यावर यायला अर्धा तास लागायचा. त्यांनी मला मरोळच्या शिबिराला पाठवायचं ठरवलं.

मरोळला तेव्हा भातखाचरं होती. सुट्टीत बंद असलेल्या एका शाळेत उपनगरांतल्या निरनिराळ्या समित्यांनी मिळून दहा दिवसांचा वक्तावर्ग भरवला होता. मालाड, अंधेरी, मुलुंड, सगळीकडची मिळून आम्ही अठराजण. शिकवणारे एक जुने गिरणी कामगार होते, संपात नोकरी गेलेले. त्यांना सगळे दादा म्हणत. आवाज घोगरा, पण मैदानाच्या त्या टोकाला जायचा.

पहिल्याच दुपारी दादांनी नियम सांगितला. दहा दिवस बसून बोलायचं नाही. काही हवं असेल तर उभं राहायचं, ‘बंधूंनो’ म्हणून सगळ्यांना उद्देशून बोलायचं, कारण द्यायचं, मागणी मांडायची. मीठ हवं असलं तरी.

मला हे पोरकट वाटलं. मी पहिल्या जेवणाला आमटी अळणीच खाल्ली. दुसऱ्या जेवणालाही. तिसऱ्या जेवणाला भाकरी वाढली नव्हती, सगळ्यांच्या पानात होती, माझ्या नव्हती. दादांनी मुद्दाम वाढू दिली नव्हती. मी उभा राहिलो. सतरा माणसं घास थांबवून माझ्याकडे बघू लागली.

“बंधूंनो,” मी म्हणालो. “मला भाकरी.”

“कारण?” दादा म्हणाले.

“भूक लागलीय.”

“ती सगळ्यांना लागलीय. तुलाच का द्यावी?”

“कारण मला मिळालेली नाही.”

“हां. आता हेच जोरात बोल. त्या दरवाज्याला ऐकू जाऊ दे.”

मी बोललो. भाकरी मिळाली. ती गार झाली होती. मालाडचा एक पोरगेला शिंपी माझ्या शेजारी होता, तो हळूच म्हणाला, “यार, माझी तर परसाकडची मागणी आहे. ती पण उभ्यानंच मांडायची काय?” मांडावी लागली. सर्वानुमते मंजूर झाली.

सकाळी आम्ही खाचरांच्या बांधावर. एकजण या बांधावर, दुसरा पार तिकडच्या बांधावर. इकडच्यानं पत्रक वाचायचं, तिकडच्यानं प्रत्येक वाक्य नीट ऐकू आलं की हात वर करायचा. हात वर झाला नाही तर तेच वाक्य पुन्हा. माझं पहिलं पान व्हायला पहिल्या दिवशी ऊन डोक्यावर आलं. ओरडून घसा बसला. दादा म्हणाले, ओरडतोस म्हणून बसतो, पोटातून काढ. चौथ्या दिवशी पोट सापडलं.

मग हुल्लड. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी त्याला पाडायचं. ताटं वाजवायची, शिट्ट्या मारायच्या, तोंडाला येईल ते बोलायचं. “खाली बस रे.” “आईनं पाठवलंय का घरून?” “दाखवायला आणलेल्या मुलीसारखा काय उभा राहिलास, मान वर कर ना.” थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. मी पहिल्या दिवशी अकरा वेळा पहिल्यापासून सुरू केलं. अकराव्या वेळी मला रडू आलं आणि रडत रडत मी शेवटपर्यंत बोललो. दादांनी टाळी वाजवली नाही. “उद्या रडू नको,” एवढंच म्हणाले.

सातव्या दिवशी आम्हाला मरोळच्या मासळी बाजारात सोडलं. पाव तास बोलायचं, कशावरही. मी एका पालथ्या पाटीवर उभा राहून पाण्यावर बोललो. एक कोळीण खाली मान घालून बोंबील लावत होती. ती वर न बघता म्हणाली, “मासळी घेतोस तर घे, न्हाय तर उभा आहेस तवर माशा तरी वार.” तिच्याजवळचं माशा वारायचं पान मी घेतलं आणि माशा वारत वारत उरलेलं भाषण पुरं केलं. चार बायका हसल्या, पण ऐकत होत्या. त्या दिवशी मला कळलं की भीती गेली आहे. ती नेमकी कुठल्या क्षणी गेली ते मला सांगता येणार नाही. दात दुखायचा थांबतो तेव्हा जसं उशिरा लक्षात येतं तसं.

हे सगळं मी आभार मानण्यासाठी लिहीत नाही. दादांचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. पण आठव्या दिवशी जे झालं ते मला सांगायलाच हवं, कारण त्यात त्यांची चूक होती आणि माझी त्यांच्याहून मोठी.

मी इंजिनियरपुढचं भाषण लिहून दादांना दाखवलं. त्यात मी सरळ लिहिलं होतं की पहाटे दीड तास पाणी येतं, दिवसा येत नाही, ते मिळावं, आणि आहे तो नळ हलवू नये. दादांनी पेन्सिल घेतली आणि पहाटेचं सगळं खोडलं.

“हे कशाला?”

“येतं ना पण, दादा.”

“येतं म्हणालास की साहेब म्हणणार, येतं ना, मग रडता कशाला? थोडं पाणी येतं हे ऐकून कुणाच्या अंगावर काटा येत नाही. लोक मान हलवतात आणि जेवायला जातात. थेंबभरही पाणी नाही म्हण. मग बघ.”

मी पत्रकवाला माणूस. मला ते एका क्षणात पटलं. खरं सांगायचं तर मला ते इतकं पटलं की मीच ते वाक्य आणखी वाढवलं. ‘या टेकडीच्या घशाला वर्षानुवर्षं थेंबभरही पाणी नाही.’ बांधावरून ते म्हटलं तेव्हा पलीकडच्यानं दोन्ही हात वर केले.

दादांनी दुसरी गोष्ट शिकवली ती शिष्टमंडळाची. साहेबापुढे एकच तोंड. चारजण बोलले की साहेब चौघांत भांडण लावतो. त्यामुळे ज्याला नेमलंय त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहून माना हलवायच्या. हे मी टेकडीवर आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं. खोलीखोलीत जाऊन सांगितलं. मावशीला तर दोनदा सांगितलं, कारण ती मध्ये बोलणार हे मला ठाऊक होतं.

“म्हणजे माका इचारल्यान तरी बोलूचा नाय?” तिनं विचारलं.

“मावशी, विचारलं तर माझ्याकडे बघ. बोलतो मी.”

“बरा. तू शिकान इलस.”

इंजिनियर आले ते दुपारी. बरोबर एक कारकून आणि मुकादम. साहेब तरुण होते, पायऱ्या चढून धापा टाकत होते, रुमालानं मान पुसत होते. मुकादमानं नळ पिरगळून दाखवला. कोरडा. कारकुनानं काही लिहिलं. वरच्या रांगेतल्या सगळ्या बायका दारांत आल्या होत्या. पुरुष बहुतेक कामावर होते, मी रजा काढली होती.

“बोला,” साहेब म्हणाले. “काय हरकत आहे?”

मी बोललो. अर्धा शब्द अडखळला नाही. पोटातून आवाज काढला, मान वर ठेवली, सोसायटीवर बोललो, गरिबांच्या हक्कांवर बोललो, मतं मागायला येणाऱ्यांवर बोललो. खालच्या रांगांतली माणसं बाहेर आली. साहेबांनी दोनदा मध्ये काही विचारायचा प्रयत्न केला. मी थांबलो नाही. अडवणाऱ्यापुढे थांबायचं नाही हे माझ्या हाडात भिनलं होतं, आणि साहेब हुल्लड करत नाहीयेत, प्रश्न विचारताहेत, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मग ते वाक्य आलं. या टेकडीच्या घशाला वर्षानुवर्षं थेंबभरही पाणी नाही. बायकांनी माना हलवल्या. मीच तसं शिकवलं होतं.

साहेबांनी हात वर केला. “एक मिनिट. थेंबही येत नाही?”

“थेंबही नाही,” मी म्हणालो.

ते मावशीकडे वळले. ती नळाच्या सगळ्यात जवळ उभी होती. “काय हो बाई, खरं का? या नळाला पाणी येतच नाही?”

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती. ती काहीतरी विचारत होती आणि मी तिला डोळ्यांनीच दटावलं. तिनं मान हलवली. नाही येत.

साहेबांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं लिहिलं. “ठीक आहे,” साहेब म्हणाले, आणि उतरून गेले.

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. अध्यक्ष कामावरून आले तेव्हा त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं, त्यांनी मिठी मारली. “झकास काम केलंस तू.” मावशी चुलीशी होती. मी जेवायला बसलो तेव्हा तिनं विचारलं, “पण पहाटेचा पाणी येता ना रे?”

“मावशी, भाषणात तसंच बोलायचं असतं.”

“आसतला,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी पालिकेचं पत्र आलं. अध्यक्षांनी ते फोडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी खाणावळीत शिरलो तेव्हा आठनऊजण जेवत होते. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं हात पुसले आणि म्हणाली, वाच.

मी वाचलं. आपल्या हरकतीचा विचार करण्यात आला, तथापि नळ हलवण्याचा निर्णय कायम ठेवण्यात येत आहे, कळावे. मी कागदाची घडी घालू लागलो.

“मधला काय गाळलंस?” मावशी म्हणाली.

“काही नाही.”

“तुझे डोळे खाली धावले. वाच परत.”

सगळे जेवायचे थांबले होते. मी वाचलं. ‘टेकडीवरील उंचीमुळे सदर नळास पाण्याचा दाब पोहोचत नाही, असा खात्याचा अहवाल होता. प्रत्यक्ष पाहणीत रहिवाशांच्या प्रतिनिधीने व उपस्थित महिलांनीही सदर नळास थेंबभरही पाणी येत नसल्याचे स्वतः सांगितले. सबब सदर नळ वर ठेवण्यात काही अर्थ नाही.’

म्हणजे हे होतं तांत्रिक कारण. खात्याचा माणूस केव्हातरी भर दुपारी येऊन कोरडा नळ बघून गेला होता आणि लिहून बसला होता की वर पाणी चढतच नाही. सोसायटीचा काही संबंध नव्हता. असेलही, पण कागदावर नव्हता. मावशीनं तोंड उघडून एक वाक्य बोललं असतं, पहाटे येऊन बघा, तर तो अहवाल तिथल्या तिथे फाटला असता. ती बोलणार होती. मी तिचं तोंड बंद केलं आणि अहवालावर टेकडीची सही आणून दिली.

पालिकेवर माझा राग आजही तेवढाच आहे. नळ बघायला दुपारी बाराला येणारं खातं, कारण न सांगता नोटीस काढणारं खातं. नोटिशीत एक ओळ जास्त लिहिली असती तर काय दौत आटणार होती? पण या रागाच्या आड मी लपायचा प्रयत्न करून बघितला आहे. तिथे जागा पुरत नाही.

जेवणाऱ्यांपैकी एक म्हणाला, “वाट लागली.” दुसरा माझ्याकडे बघत म्हणाला, “मग एवढं बोललास कशाला?”

मावशी म्हणाली, “तेका कित्याक बोलतास? मान मीच हालवलंय.”

“मावशी, मी सांगितलं म्हणून...”

“माका वाटला, तू शिकान इलस, तुका म्हायत आसतला.” एवढं बोलून तिनं पुढच्या माणसाला भात वाढला.

मी अध्यक्षांना म्हणालो की मी लेखी कळवतो, मी चुकीचं बोललो. ते भडकले. समितीची अब्रू जाईल, पुढच्या वेळी पालिका आपला एक शब्द खरा मानणार नाही, त्यापेक्षा मोर्चा काढू, तू असाच बोल, जबरदस्त बोलतोस. मी त्यांना न सांगता वॉर्ड कचेरीत गेलो. इंजिनियर भेटले नाहीत. खिडकीत तोच कारकून होता. मी त्याला सांगितलं की पहाटे पाणी येतं.

त्यानं फाइल काढली, माझं वाक्य मला बोटानं दाखवलं. “हे तुम्हीच बोललात ना?”

“हो.”

“म्हणजे तेव्हा खोटं बोललात?”

“हो.”

“मग आता खरं बोलताय कशावरून?”

त्याचा स्वर वाईट नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी पाच ओळींचा अर्ज लिहून दिला, एकही विशेषण न घालता. त्यानं त्यावर शिक्का मारला. तो अर्ज फाइलला लागला असेल. इंजिनियर पुन्हा आले नाहीत. आठवड्याभरात मुकादम आला, नळ काढून नेला आणि पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकून गेला.

मावशीनं दोन महिने ओढलं. आम्ही बाराजणांनी आळीपाळीनं पाणी चढवायचं ठरवलं होतं. पहिला आठवडा नीट चाललं. मग कुणाची रात्रपाळी, कुणाचा ताप, कुणाला नुसता कंटाळा. मी एकही दिवस चुकवला नाही, हे सांगून काही होत नाही. बारा माणसांचं पाणी एका माणसानं चढत नाही. एकेकजण खालच्या खाणावळीत जेवू लागला. शेवटी आम्ही चौघं उरलो, तेव्हा ती म्हणाली, तुम्ही पण जावा.

मुलुंडला एका वकिलांच्या घरी स्वयंपाकाचं काम तिला मिळालं. राहायला मागची खोली. तिची दोन मोठी पातेली आणि वळकटी घेऊन मी तिच्याबरोबर गेलो. वाटेत तिला म्हणालो, आत गेल्यावर त्यांच्याशी आधी सगळं पक्कं बोलून घ्यायला हवं. महिन्यातून किती सुट्ट्या, दुपारची विश्रांती, पाहुणे आले तर काय. मी बोलतो, तू नुसती उभी राहा.

“नको,” ती म्हणाली. “माझा मी बोलतंय.”

तिनं वळकटी माझ्या हातातून घेतली आणि मागच्या दारानं आत गेली. मी पातेली घेऊन बाहेर उभा राहिलो. आतून वकिलांच्या बायकोचा आवाज येत होता, मग मावशीचा, मग बराच वेळ मावशीचाच. शब्द कळत नव्हते.